टाचणीचं मागचं चाक

माझ्या मोठ्या बहिणीला टपाल कचेरीत सगळे टाचणी म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने तिला एकदा तरी चिडलेली पाहिली असणार. वजन चव्वेचाळीस किलो, उंची माझ्या कानापर्यंत, आणि एकदा कुठे रुतली की काढताना रक्त निघतं. मी तिला ताई म्हणते. ती मला डबी म्हणते, कारण मी औषधांच्या दुकानात माल लावायचं काम करते आणि घरातही प्रत्येक वस्तू डबीत, प्रत्येक डबीवर चिठ्ठी, अशी माझी रीत आहे. चाळिशी ओलांडलेल्या आम्ही दोघी बहिणी, तीन खोल्यांचं घर, आणि मागे कपडे वाळत घालायला सिमेंटचा एक चौकोन. त्या चौकोनातच आमची सगळी लढाई झाली.

ताई एकोणीस वर्षं पत्रं वेगळी करायच्या खोलीत होती. त्या खोलीला खिडकी नाही. समोरच्या भिंतीवर लाकडी खण, त्यात सगळ्यात खालच्या ओळीत चौदा खण लांबच्या फेरीचे. चौदा वस्त्या, जाऊन-येऊन बासष्ट किलोमीटर, आणि वाटेत एकही गॅरेज नाही. त्या वस्त्यांपैकी एकीतही ताईने कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण तिथली माणसं तिला अक्षरावरून ठाऊक होती. तिसऱ्या वस्तीवरचा एक जण पत्ता इतका तिरका लिहायचा की शेवटची ओळ पाकिटाच्या कडेवरून घसरायची. अकराव्या वस्तीवरून दर महिन्याला हिरव्या शाईचं एक जाड पाकीट निघायचं. अकरावी नदीच्या अलीकडे आणि बारावी पलीकडे, दोघींची नावं जवळजवळ सारखी, म्हणून नवशिके त्यांच्या टपालाची हटकून गल्लत करायचे. ताईची एकदाही झाली नाही. जेवताना ती या लोकांबद्दल अशी बोलायची की कुणाला वाटावं हे आमचे सख्खे चुलते. मी एकदा म्हटलंही, की तू त्यांना ओळखतेस खरी, पण त्यांना तू कुठे माहीत आहेस? त्यावर तिने अर्धं जेवलेलं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. माझी जीभ जरा लांबच आहे.

मग त्या फेरीचा पोस्टमन निवृत्त झाला आणि ताईने मला न विचारता अर्ज ठोकून दिला.

फेरी मिळायला एक अट होती. मागे कधी तरी एक पोस्टमन टायर बसून माळावर अडकला होता आणि दोन दिवस टपाल पोचलं नव्हतं. तेव्हापासून नियम असा, की ज्याला लांबची फेरी हवी त्याने कचेरीच्या आवारात, फोरमनच्या समोर, मोटरसायकलचं मागचं चाक काढायचं, टायर उतरवून ट्यूब बदलायची, सगळं परत बसवायचं आणि आवाराला एक फेरी मारून दाखवायची. वेळ एक तास. हत्यारं फक्त गाडीच्या पेटीतली, मदतीला कुणी नाही. दोन वेळा प्रयत्न करता येतो. दोन्ही वेळा हुकलं तर तीन वर्षं पुन्हा अर्ज नाही, आणि पन्नाशीनंतर ही फेरी कुणालाच देत नाहीत. ताईला तेव्हा सत्तेचाळीस पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. हिशेब सोपा होता. तिसरी संधी तिच्यासाठी नव्हतीच.

पहिला प्रयत्न फसला. ताईने घरी येऊन तो तीन वाक्यांत सांगितला, बाकीचं मला दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून कळलं. चाक तिने झटपट काढलं होतं. पण टायरची कड रिमला अशी चिकटून बसली होती की ती सुटेना. ताई त्यावर उड्या मारत होती आणि दारात जमलेल्या मंडळींपैकी कुणी तरी हसलं. अर्धा तास त्यातच गेला. मग नवी ट्यूब घालून टायर परत चढवताना शेवटची वीतभर कड रिमच्या आत जाईना. तिने दोन्ही लिव्हर घातले, लिव्हर म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, आणि त्यांना अक्षरशः लोंबकळली. कड धाडकन आत गेली खरी, पण लिव्हरच्या टोकाने आत ट्यूबला चावा घेतला होता. पंप मारला तेवढी हवा फुस्स करून बाहेर. फोरमनने घड्याळ बघितलं, वहीत काही तरी लिहिलं आणि निघून गेला.

"सुटलीस एकदाची," मी म्हणाले.

"बारा दिवसांनी पुन्हा आहे," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली. तळहाताला दोन फोड आले होते. मी मलम दिलं. तिने ते लावलं आणि डबी परत माझ्या डब्यात ठेवली, चिठ्ठी समोर करून. एवढं भान तिला असतं.

खरं सांगते, ती हरावी असंच मला वाटत होतं. त्या माळावर गाडी बंद पडली, ही कुठे घसरली, कुणी नाही सोबतीला, हेच माझ्या डोक्यात फिरायचं. शिवाय आमचे आई-वडील गेल्यापासून संध्याकाळी सहाला दाराची कडी वाजते ती फक्त तिच्या हातची. हे मी तिला कधी बोलले नाही. त्याऐवजी तुझं वय काय, तुझं वजन काय, हात दाखवून अवलक्षण कशाला, असं बरंच काही बोलले. ती ऐकून घेते. ऐकून घेते आणि करायचं तेच करते.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या चौकोनातून माझे वाळत घातलेले कपडे हलले आणि तिथे वडिलांची जुनी मोटरसायकल आली. कचेरीची गाडी आणि ही, दोन्ही एकाच घडणीच्या, त्यामुळे सरावाला उत्तम. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून तिने एक टाकाऊ ट्यूब मागून आणली आणि दोन संध्याकाळी त्याच्या दुकानासमोर पालथ्या खोक्यावर बसून तो काम कसं करतो ते बघितलं. पंक्चरवाला भला माणूस, पण देह ताईच्या सव्वादोन पट. तो टायरवर नुसता उभा राहिला की कड आपली मुकाट्याने खाली बसायची.

"ताई, हे जोराचं काम नाही, वजनाचं आहे," तो म्हणाला. "तुम्ही उगाच जिवाला त्रास करून घेताय."

ताईने मान डोलावली आणि घरी येऊन मला सांगितलं, की त्याला स्वतःलाच माहीत नाही तो काय करतो ते. मी म्हटलं, वा, आता पंक्चरवाल्याला तू शिकव.

पण कड सोडवायची युक्ती तिने तीन दिवसांत काढली. उड्या मारणं बंद केलं. चाक जमिनीवर आडवं ठेवायचं, दोन्ही टाचा रिमला अगदी चिकटून टायरवर रोवायच्या आणि हलायचं नाही. दहा मोजायचे. मग इंचभर सरकायचं, पुन्हा दहा. फोरमनच्या यादीत हत्यारांबरोबर हात धुवायला साबणाची एक वडी होती. ती तिने आपल्या पिण्याच्या पाण्यात खळबळवली आणि ते पाणी कडेने सोडलं. गोल फिरत तिसऱ्या फेरीला टायर हळूच सुटला. आवाज एवढासा झाला, बरणीचं झाकण निघावं तसा. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन बसले होते. मला तिचा राग आलेला असला तरी वेळ मोजायला दुसरं कोण होतं?

गाडीचे सुटे भाग लक्षात ठेवायची तिची रीत फक्त तीच काढू शकते. चाक काढताना एकामागून एक चौदा तुकडे निघतात. ब्रेकच्या दांड्याचा नट, त्याची स्प्रिंग, मग बोल्ट, वॉशर, चेन ताणायच्या पट्ट्या, मधला लांब ॲक्सल म्हणजे चाकाचा दांडा, त्यावरचे दोन बुश म्हणजे बोटभर पोकळ नळ्या, आणि शेवटी व्हॉल्व्हच्या दोन बारीक चिजा. तुकडे चौदा आणि वस्त्याही चौदा. ताईने प्रत्येक तुकड्याला एक वस्ती देऊन टाकली. काढताना ती फेरीवर निघायची, पहिली ते चौदावी. बसवताना फेरीवरून परत यायची, चौदावी ते पहिली. जुन्या चादरीवर ती ते ओळीने मांडायची आणि पुटपुटायची, "सहावी झाली, सातवी कुठाय, ही बघ सातवी." दोन बुश म्हणजे अकरावी आणि बारावी. लांब असलेला अकरावा, तो ब्रेकच्या बाजूला. आखूड बारावा, तो चेनच्या बाजूला. दोघांच्या मध्ये चाक, म्हणजे नदी.

शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिने मला हळूच विचारलं, की ताईंना बरं आहे ना.

तरी शेवटच्या वीतभर कडेवर घोडं अडायचं ते अडायचंच. रोज तीच गत. टायर तीन बाजूंनी गपकन आत जायचा आणि चौथ्या बाजूला दगड व्हायचा. लिव्हर घातला की ट्यूब चावली जायची. पाच दिवसांत तिने त्या एका ट्यूबला सात ठिगळं लावली. वेळ दीड तासाच्या खाली येत नव्हता. फोड फुटून तळहात लाल झाले होते आणि चमचा धरतानाही ती डोळे मिटायची. मी म्हटलं पुरे. ती म्हणाली, वाढ.

रविवारी आम्ही गाद्यांच्या चादरी बदलतो. इलॅस्टिकची चादर, चार कोपऱ्यांत अडकवायची. तीन कोपरे बसले आणि चौथा ताईच्या वाट्याला आला. दुखऱ्या हातांनी ती ओढतेय, ओढतेय, आणि चादर येत नाही. मी समोरच्या कोपऱ्यापाशी होते. माझा पारा आधीच चढलेला.

"अगं, ओढतेस काय नुसती? अडलंय तिथे जोर करून काय होणार? थांब, मी इकडून गादी आत दाबते."

मी गुडघा रोवून गादीचा माझ्याकडचा कोपरा आत ढकलला. गादी जराशी दुमडली आणि तिकडे चादर ढिली पडून सहज बसली. मी माझ्या शहाणपणावर खूश होऊन उशा उचलायला वळले. वळून बघते तर ताई तशीच वाकून उभी, हात चादरीवर, नजर माझ्या गुडघ्यावर.

"समोरून," ती म्हणाली. बस्स, एवढंच. दुसरी गादी उघडी टाकून ती मागे पळाली.

मी तिच्या मागे गेले तेव्हा ती चाकावर वाकलेली होती. रिमच्या मधोमध गोल फिरणारा एक खोलगट भाग असतो, कडांपेक्षा चांगला बोटभर खोल. टायर अडतो तो इकडे, पण त्याचं कारण असतं समोर. समोरची कड वर चढून बसलेली असते. तिला गुडघ्याने दाबून त्या खोलगट भागात ढकललं की इकडे तेवढीच ढील मिळते. पंक्चरवाल्याच्या वजनाने ते आपोआप होत होतं, म्हणून त्याला कधी समजायची गरजच पडली नाही. ताईने समोरच्या कडेवर दोन्ही गुडघे टेकले, साबणाचं पाणी सोडलं, आणि शेवटची वीतभर कड एकाच लिव्हरने आत सरकवली. सरकवली म्हणतेय मी, ढकललीसुद्धा नाही. पंप मारला. हवा राहिली. ती चाकावर तशीच गुडघे टेकून बसली आणि माझ्याकडे बघून हसली, समोरच्या पडलेल्या दाताची खिंड दिसेपर्यंत. तसं हसताना तिला मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं, काय करणार.

त्या दिवशी वेळ आला एक तास चार मिनिटं. माझी गादी रात्रीपर्यंत उघडीच राहिली.

आठव्या दिवशी मी माती खाल्ली.

ताईने चाक काढून टायर उतरवला आणि तेवढ्यात पंप बिघडला म्हणून ती तो घेऊन पंक्चरवाल्याकडे गेली. मी चौकोनात आले तर चादरीवर सगळं लोखंड पसरलेलं. इथे एक नट, तिथे एक नट, मध्येच स्प्रिंग. माझ्याच्याने असा पसारा बघवत नाही. मी बसले, एकेक तुकडा रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसला आणि नीट लावून ठेवला. नटांजवळ नट, वॉशरजवळ वॉशर, बुशजवळ बुश, लहानापासून मोठ्यापर्यंत. दुकानात गोळ्या लावाव्यात तसं. आता किती छान दिसतंय, असंही मनाशी म्हटलं.

ताई आली, मी घड्याळ लावलं, आणि ती बाकीचे तुकडे आकारावरून ओळखून उचलत गेली, दोन बुश मात्र सवयीने शेवटून. टायर चढला, चाक गाडीला लागलं, नट आवळला, आणि चाक फिरेना. तिने सोडून पुन्हा आवळला. चाक एका अंगाला सरकून घट्ट अडकलं होतं. अकराव्याचं टपाल बाराव्याला गेलं होतं. हे कळायला आणि सगळं सोडून पुन्हा बसवायला अंधार पडायची वेळ आली.

तिने चादरीवरच्या माझ्या रांगा बघितल्या. मग म्हणाली, "मुद्दाम केलंस."

मी म्हटलं, नाही गं, आईशपथ नाही. आणि ते खरं होतं. पण खोटं कशाला बोलू, चाक अडकलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं, आणि माझ्या तोंडावर ते तिला दिसलं असणार. एकोणीस वर्षं जी अक्षरावरून माणूस ओळखते तिच्यापासून बहिणीचं तोंड काय लपणार?

"तू जाशील तर संध्याकाळी मी कुणाची वाट बघू?" मी म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"माझीच," ती म्हणाली. "जरा उशिरा."

नंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. रोज सराव झाल्यावर ती एक जास्तीचं काम करायची. चौदाही तुकडे पिशवीत घालून हलवायची, चादरीवर ओतायची, डोळे मिटायची आणि बोटांनी चाचपून ओळीने लावायची. मला ते टोमण्यासारखं लागायचं. मी आत जाऊन बसले आणि माझ्या परीने भरपाई सुरू केली. जाड कापडाचा हातभर तुकडा घेतला, त्याला चौदा खिसे शिवले आणि प्रत्येकावर लाल दोऱ्याने आकडा घातला. गुंडाळला की पेटीत मावेल एवढा. अकराव्या आणि बाराव्या खिशाच्या मध्ये मी निळ्या दोऱ्याने एक वाकडी रेघ काढली. शेवटच्या दिवशी तो तिच्या ताटाशेजारी ठेवला. तिने उलगडला, निळ्या रेघेवर बोट फिरवलं, आणि माझ्या ताटात आपल्या ताटातला अर्धा लाडू वाढून दिला. आमच्यात माफी अशीच असते.

परीक्षेच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून कचेरीच्या आवाराबाहेर गजांना धरून उभी राहिले. फोरमन उंच, कोरडा माणूस. त्याने पेटी उघडली, यादी काढली, एकेक वस्तू पडताळली आणि माझा कापडी तुकडा बाजूला काढला. यादीत नाही, म्हणाला. ताईने वाद घातला नाही. गजांमधून तो तिने माझ्या हातात दिला आणि यादीत असलेली टपालाची रिकामी पिशवी फरशीवर पसरली. माझे डोळे भरून आले, रागाने. फोरमनला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

गाडी भिंतीला लावलेली होती. उजेडासाठी ताईने पिशवी आणि चाक आवाराच्या मध्याकडे घेतलं. दारात पुन्हा मंडळी जमली होती. पहिली ते चौदावी, सगळ्या वस्त्या ओळीने पिशवीवर उतरल्या. तिने टाचा रोवल्या, दहा मोजले, सरकली. दारात कुणी हसलं नाही. कड सुटली, जुनी ट्यूब बाहेर आली, तिने टायरच्या आतून बोटं फिरवून कुठे खिळा राहिलेला नाही ना ते बघितलं, नवी ट्यूब आत गेली. ती गुडघे टेकणार तेवढ्यात फाटकात भोंगा वाजला. टपालाची मोठी गाडी आली होती, आणि तिच्या वाटेत, बरोब्बर मध्ये, ताईचं दुकान मांडलेलं.

त्या आवारात एक रीत आहे. टपालाच्या गाडीला कुणी अडवत नाही. साहेबांची सायकल आडवी असली तर साहेब ती उचलतात. पण हा दिवस परीक्षेचा होता आणि गाडीला दोन मिनिटं थांब म्हणायचं काम फोरमनचं होतं. तो घड्याळ हातात धरून ताईकडे बघत राहिला. मी ओरडायला गजांना धरून पुढे झाले. ताईने वर बघितलं, गाडी बघितली, आणि विचारबिचार काही केला नाही. पिशवीची चार टोकं एकत्र धरली, उचलली, दुसऱ्या हाताने चाक घरंगळत भिंतीशी नेलं आणि बाजूला उभी राहिली. गाडी सावकाश आत गेली. पिशवीत चौदाही वस्त्या एकमेकींत कालवल्या गेल्या होत्या.

तिने पिशवीत हात घालून व्हॉल्व्हच्या दोन चिजा, तेरावी आणि चौदावी, चाचपून काढल्या आणि चाक आधी पुरं केलं. समोरून गुडघे, साबण, एक लिव्हर. पंप मारला, हवा राहिली. मग पिशवी फरशीवर ओतली. लोखंडाचा ढीग झाला. मी हातातला कापडी तुकडा पिळत होते. ताई ढिगासमोर मांडी घालून बसली आणि तिचे हात चालू लागले. एकोणीस वर्षं रोज सकाळी ज्या वेगाने ते पाकिटं खणांत टाकत आले त्याच वेगाने, बघता बघता, नट इथे, स्प्रिंग तिथे, वॉशर, पट्टी, पट्टी. दोन बुश तिने दोन बोटांनी एकदाच तोलले. लांब डावीकडे, आखूड उजवीकडे. दारातली मंडळी पुढे सरकली होती. त्यांना ते हात ओळखीचे होते. मला नव्हते. ताईला काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती परत येऊ लागली. बारावी, अकरावी, दहावी. चाक जागेवर, नट आवळला, चाक भिंगरीसारखं फिरलं. चेन दोन बोटांनी दाबून बघितली. ब्रेकचा दांडा, स्प्रिंग, शेवटचा नट, म्हणजे पहिली वस्ती, म्हणजे घर. तिने गाडी स्टँडवरून उतरवली, लाथ मारली आणि आवाराला एक फेरी मारून फोरमनसमोर येऊन थांबली. सत्तावन्न मिनिटं झाली होती.

फोरमनने चाक हलवून बघितलं, ब्रेक दाबून बघितला, हवा बघितली. मग म्हणाला, "बाई, गाडीला थांब म्हटलं असतंत तर मी घड्याळ थांबवलं असतं."

"टपालाच्या गाडीला?" ताईने विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं तो काय म्हणतोय ते.

त्याने वहीत सही केली आणि कापडी तुकडा यादीत घालायला हरकत नाही असं म्हणाला. मी मनातल्या मनात त्याला म्हटलेलं अर्धं परत घेतलं.

आता ती रोज सकाळी सातला निघते आणि संध्याकाळी सातच्या पुढे केव्हा तरी येते. तिसऱ्या वस्तीवरचा तिरका माणूस डावरा निघाला. हिरवी शाई म्हणजे एक निवृत्त मास्तरीणबाई. शहरातल्या मुलीला महिनाभर रोज थोडं थोडं लिहून त्या एकदम पाठवतात. ताईने पहिल्या दिवशी आपण कोण ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, की माझं पाकीट एकदाही हरवलं नाही ते तुमच्यामुळे होय, मी केव्हापासून विचार करत होते असं कोण आहे तिथे. हे ताईने मला दोनदा सांगितलं. मला माझं ते जुनं बोलणं आठवलं आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सात वाजले, आठ वाजले, साडेआठ झाले. मी दाराशी खुर्ची टाकून बसले. उठले, पुन्हा बसले. सगळ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा लिहून काढल्या. पावणेनऊला कडी वाजली. ताई दारात उभी, कोपरापर्यंत काळी, कपाळावर ग्रीसचा पट्टा.

"बसला टायर एकदाचा," ती म्हणाली. "नवव्या वस्तीच्या पुढे. सगळं टपाल वाटून आले."

तिने पेटीतून माझा कापडी तुकडा काढून माझ्या हातात दिला. चौदाही खिसे काळेकुट्ट झाले होते, लाल आकडे जेमतेम दिसत होते, निळी नदी तर कुठेच नव्हती. माझ्या घरात चहाचा डाग पडलेलं फडकंसुद्धा तासाभरात धुतलं जातं, हे तिला माहीत आहे. ती बघत होती.

मी तो घडी घालून तसाच पेटीत परत ठेवला. धुतला नाही. मग तिला वाढायला घेतलं.